सफेद मुसळी : एका ‘पुरुषार्थवर्धक’ मुळीचा सामाजिक इतिहास
(मोहने-कल्याण परिसराच्या विशेष संदर्भात)

सारांश

पुरुषांच्या शक्तिवर्धनासाठी कंदमुळांचा वापर करण्याची परंपरा आशिया व आफ्रिका या दोन्ही खंडांत जुनी आहे. प्रस्तुत शोधनिबंधात ठाणे जिल्ह्याच्या परिसराशी निकटचा संबंध असलेल्या सफेद मुसळी या वनस्पतीचा सामाजिक इतिहास मांडला आहे. प्राचीन वैद्यकातील वाजीकरण, वसाहतकाळातील वनस्पतिशास्त्र व वनकायदे, विसाव्या शतकातील जाहिरात आणि अलीकडील व्यापारी लागवड या टप्प्यांतून ही मुळी कशी गेली, याचा शोध येथे घेतला आहे. एकाच वनस्पतीचे पान स्त्रियांच्या हातून रानभाजी म्हणून आणि मूळ पुरुषांचे औषध म्हणून बाजारात येते. या दोन उपयोगांच्या इतिहासात वनस्पतीच्या ऱ्हासाचे कारण व तिच्या रक्षणाचा मार्ग हे दोन्ही दडलेले आहेत, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : सफेद मुसळी, फोडशी, वाजीकरण, रानभाजी, वनहक्क, जाहिरात.

१. प्रस्तावना

मृग नक्षत्राचा पाऊस स्थिरावला की कल्याण तालुक्यातील मोहने, आंबिवली, टिटवाळा येथील बाजारांत आदिवासी स्त्रिया रानभाज्यांच्या जुड्या घेऊन बसू लागतात. टाकळा, कुरडू, भारंगी यांच्या जोडीला गवतासारखी दिसणारी, लसणाच्या पातीची आठवण करून देणारी एक भाजी असते. तिला फोडशी म्हणतात. बुंध्याकडचा पांढरा भाग उकलून आतील कडक दांडा काढून टाकायचा, पाती बारीक चिरायची आणि कांदा व मूगडाळ घालून परतायची, ही तिची घरोघरची रीत. हंगाम जेमतेम दीड-दोन महिन्यांचा. श्रावण सरता सरता ती दिसेनाशी होते.

त्याच बाजारपेठेतील औषधांच्या दुकानांत मात्र ‘सफेद मुसळी’ बारमाही मिळते. चूर्ण, गोळ्या, पाक अशा रूपांत ती पुरुषांचे ‘सामर्थ्य’ वाढविणारी म्हणून विकली जाते. जुडी घेणाऱ्या गृहिणीला आणि डबी घेणाऱ्या पुरुषाला सहसा ठाऊक नसते की या दोन्ही वस्तू क्लोरोफायटम या एकाच प्रजातीतील वनस्पतींपासून येतात. आणि त्या प्रजातीतील औषधी म्हणून सर्वांत मोलाच्या मानल्या गेलेल्या जातीचे शास्त्रीय नाव येथून फार दूर नसलेल्या बोरिवली या गावावरून ठेवले गेले आहे. क्लोरोफायटम बोरिव्हिलिॲनम हे ते नाव होय.

मोहने हे उल्हास नदीकाठचे गाव. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनच्या कारखान्यामुळे ते कामगारवस्ती म्हणून वाढले व पुढे कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या हद्दीत समाविष्ट झाले. कारखाना २००९ मध्ये बंद पडला. एका बाजूस शहापूर-मुरबाडच्या रानाकडून येणारा रानमेवा आणि दुसऱ्या बाजूस शहरातून येणारा छापील वेष्टनातील माल यांची गाठ जेथे पडते, असे हे ठिकाण आहे. म्हणूनच प्रस्तुत विषयाच्या अभ्यासासाठी ते उचित वाटले.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे तीन आहेत. (१) वाजीकरणाच्या कल्पनेत कालानुसार झालेले बदल तपासणे. (२) सफेद मुसळीची ओळख, नामकरण व व्यापार यांचा इतिहास मांडणे. (३) पान व मूळ या दोन उपयोगांचा वनस्पतीवर आणि तिच्यावर उपजीविका करणाऱ्यांवर झालेला परिणाम पाहणे. अभ्यासपद्धती ऐतिहासिक व वर्णनात्मक असून तीस बाजारातील प्रत्यक्ष निरीक्षणाची जोड दिली आहे. मुळीच्या औषधी गुणांविषयी वैद्यकीय निवाडा देणे हा या निबंधाचा हेतू नाही.

३. वैद्यकग्रंथांतील वाजीकरण

आयुर्वेदाच्या आठ अंगांत वाजीकरणाची गणना होते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात पहिला अध्याय रसायनाचा आणि दुसरा वाजीकरणाचा असून प्रत्येकाचे चार पाद आहेत. रोगांच्या चिकित्सेपूर्वी या दोन विषयांना स्थान दिलेले आहे, ही बाब लक्षणीय होय. निरोगी मनुष्याचे आरोग्य टिकविणे व वाढविणे यास ग्रंथकारांनी किती महत्त्व दिले होते, हे त्यावरून दिसते.

हा अध्याय वाचताना दोन गोष्टी प्रकर्षाने जाणवतात. पहिली अशी की, वाजीकरणाचा हेतू केवळ भोग हा नाही. अपत्यप्राप्ती हे त्याचे मुख्य प्रयोजन सांगितले असून निपुत्रिक पुरुषास छाया व फळ नसलेल्या एकाकी वृक्षाची उपमा दिली आहे. दुसरी अशी की, त्यातील योग हे बहुतांशी आहाराचे योग आहेत. दूध, तूप, उडीद, साठेसाळीचा तांदूळ, ऊस, मांसरस यांच्याबरोबर विदारी, शतावरी यांसारखी कंदमुळे येतात. शिवाय आधी शरीरशुद्धी करावी व संयमी पुरुषानेच हे उपचार घ्यावेत, असाही दंडक आहे. म्हणजे मूळ हे एका मोठ्या जीवनक्रमाचा भाग होते. एकट्या मुळीवर भरवसा ठेवण्याची शिकवण तेथे नाही. अर्थात हे वैद्यक दूधतूप परवडणाऱ्या संपन्न पुरुषास समोर ठेवून लिहिले गेले, हेही नोंदविले पाहिजे.

मुसळीचे नाव पुढील काळातील निघंटुग्रंथांत ठळकपणे येते. सोळाव्या शतकातील भावप्रकाशात मुसळीचा निर्देश वृष्य द्रव्यांत आहे. परंतु ही मुसळी म्हणजे तालमूली अथवा काळी मुसळी (कर्क्युलिगो ऑर्किऑइडीस) होय, असे अनेक अभ्यासक मानतात. ती निराळ्या कुलातील वनस्पती आहे. सबब, सफेद मुसळीच्या वेष्टनांवर आढळणारा ‘हजारो वर्षांची परंपरा’ हा दावा जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. परंपरा जुनी आहे खरी, पण ती कोणत्या मुळीची, हा प्रश्न शिल्लक राहतो.

४. ओळख आणि नामकरण

परकीयांनी येथील वनौषधींची नोंद घेण्यास सोळाव्या शतकातच प्रारंभ केला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबाराशी संबंध असलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ मध्ये गोव्यात हिंदुस्थानातील औषधी द्रव्यांवरील संवादरूप ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात चोपचिनी या मुळीवर स्वतंत्र प्रकरण आहे. ही मुळी उपदंशावरील उपाय म्हणून प्रसिद्धीस आली होती आणि भावप्रकाशातही फिरंगरोगाच्या संदर्भात तिचा उल्लेख येतो. पुरुषांच्या गुप्तविकारांवरील मुळ्यांचा व्यापार समुद्रापार चालत असे, याचे हे उत्तम उदाहरण होय.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईतील विल्यम डायमॉक यांनी पश्चिम हिंदुस्थानातील वनौषधींचा अभ्यास केला; १८९० ते १८९३ या काळात वॉर्डन व हूपर यांच्यासह त्यांचा ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मराठीत शंकर दाजीशास्त्री पदे यांनी ‘वनौषधिगुणादर्श’ रचून हे ज्ञान देशी वाचकांस उपलब्ध करून दिले. तथापि ‘सफेद मुसळी’ या नावाखाली बाजारात नेमके काय विकले जात होते, हा गोंधळ दीर्घकाळ राहिला. शतावरीच्या प्रजातीतील ॲस्परॅगस ॲडसेन्डेन्स ही मुळीही याच नावाने ओळखली जाई आणि क्लोरोफायटमच्या निरनिराळ्या जातीही. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात निघाला. त्या वेळी बोरिवलीच्या मुसळीला स्वतंत्र शास्त्रीय नावही नव्हते.

ते नाव १९५० च्या दशकाच्या मध्यास मिळाले. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव आणि आर. आर. फर्नांडिस यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले. फादर सांतापाव हे पुढे भारतीय वनस्पति सर्वेक्षण संस्थेचे संचालक झाले. बोरिवली ज्या साष्टी बेटावर आहे ते १९२० मध्ये मुंबई उपनगर जिल्हा निर्माण होईपर्यंत ठाणे जिल्ह्याचा भाग होते. म्हणजे ही वनस्पती व तिचे नाव दोन्ही ठाण्याच्याच भूमीतील. फोडशी खाणाऱ्या आणि तिचे कंद ओळखणाऱ्या लोकांना ती अर्थातच आधीपासून ठाऊक होती. शास्त्राने नाव दिले, परंतु ज्यांच्या परिचयातून ती वनस्पती जगत होती त्यांची नोंद त्या नावात झाली नाही.

५. भीतीचा बाजार : जाहिरात आणि कायदा

विसाव्या शतकाच्या आरंभी छापखाने, टपाल आणि व्ही.पी. पद्धती यांमुळे औषधांचा व्यापार पालटला. वैद्य व रोगी यांची गाठ पडण्याची आवश्यकता उरली नाही. जामनगरच्या मणिशंकर गोविंदजी यांच्या ‘आतंकनिग्रह’ गोळ्या, तसेच दोन महायुद्धांच्या मधल्या काळात बर्लिनहून येणारे ‘ओकासा’ यांच्या जाहिराती पश्चिम भारतातील वृत्तपत्रांत झळकत असत. इतिहासकार डग्लस हेन्स यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात या जाहिरातींचे विवेचन करून पौरुषाच्या व दांपत्यजीवनाच्या नव्या कल्पना त्यांतून कशा घडल्या, हे दाखविले आहे.

येथे प्राचीन कल्पनेचा गाभाच बदलला. चरकाचा वाचक अपत्याची इच्छा धरणारा गृहस्थ होता. जाहिरातीचा वाचक स्वतःच्या धातुक्षीणतेच्या भीतीने ग्रासलेला, कोणासही न सांगता पत्राने औषध मागविणारा एकाकी तरुण होता. आधी भीती निर्माण करायची आणि मग तिच्यावरील उतारा विकायचा, असा हा व्यवहार. याच काळात र. धों. कर्वे यांनी जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवून लैंगिक प्रश्नांची उघड व शास्त्रीय चर्चा घडवून आणली आणि १९५३ मधील आपल्या निधनापर्यंत ते खटले सोसून चालू ठेवले. एकाच समाजातील या दोन प्रतिक्रिया होत्या. एक गुप्ततेवर उभी होती, तर दुसरी मोकळेपणावर.

स्वातंत्र्यानंतर १९५४ मध्ये औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम संमत झाला. त्याच्या तिसऱ्या कलमान्वये लैंगिक सुखाची क्षमता टिकविणाऱ्या वा वाढविणाऱ्या औषधांची जाहिरात प्रतिबंधित आहे. बोरिवलीच्या मुसळीला शास्त्रीय नाव मिळण्याचा आणि तिच्या नावे होऊ शकणाऱ्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा होण्याचा काळ जवळपास एकच, हा योगायोग बोलका आहे. कायद्याने जाहिरातीची भाषा थोडी सौम्य झाली. ‘शक्ती’, ‘उत्साह’, ‘जोम’ असे शब्द आले, परंतु मागणी ओसरली नाही.

६. रान कोणाचे?

मुळी बाजारात येते ती रानातून. म्हणून रानाच्या मालकीचा इतिहास येथे अपरिहार्य ठरतो. १८७८ च्या वनकायद्याने सरकारी राखीव वनांची व्यवस्था कडक झाली. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील रयतेच्या तक्रारी इतक्या वाढल्या की सरकारला १८८५ मध्ये मुंबई वन आयोग नेमावा लागला; त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी या समाजांचा रानाशी असलेला रोजचा संबंध या काळात हक्काऐवजी सवलतीचा विषय बनला.

या बदलाचा परिणाम कंदमुळांवर दूरगामी झाला असावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते. जे रान आपले आहे त्यात माणूस पुढील वर्षासाठी काही राखून ठेवतो. जेथे आज नाही काढले तर उद्या दुसरा काढून नेईल किंवा पहारेकरी अडवील, तेथे राखून ठेवण्यास कारण उरत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील मालकी वनवासी समाजांना दिली आणि गौण वनोपजाच्या व्याख्येत औषधी वनस्पती, मुळे व कंद यांचा नामनिर्देश केला. ऐतिहासिक दृष्टीने ही सव्वाशे वर्षांहून जुन्या तक्रारीची उशिरा झालेली दखल होय.

७. पान आणि मूळ

प्रस्तुत अभ्यासाचा गाभा या प्रकरणात आहे. सफेद मुसळीचे जीवनचक्र समजून घेतल्याशिवाय तिच्या ऱ्हासाचे कारण कळत नाही. पहिल्या पावसाबरोबर जमिनीतील बुंध्यावरचे कोंब फुटतात, पाने येतात, पांढरी फुले व मग बी धरते. पावसाळा संपत आला की पाने पिवळी पडून सुकतात आणि बोटांसारखे मांसल कंद जमिनीखाली पुढील पावसाची वाट पाहत निद्रिस्त राहतात. पुनरुत्पादन बियांपासून किंवा बुंध्याच्या कोंबासह असलेल्या कंदापासून होते. बुंध्यापासून तोडलेले नुसते कंद रुजत नाहीत.

आता पाने सुकल्यावर वनस्पतीचे ठिकाणच सापडत नाही. त्यामुळे रानातून मुळी काढणारा ती पाने हिरवी असतानाच, म्हणजे बी पडण्याच्या आधी, खणून काढतो. कंद अपक्व असतो, बी जमिनीवर पडलेले नसते आणि बुंधाही उपटला जातो. एका खणण्यात त्या वनस्पतीचा आजचा देह व उद्याचा वंश असे दोन्ही नष्ट होतात. साल काढून वाळविल्यावर मुळीचे वजन फार घटते. त्यामुळे थोड्या पांढऱ्याशुभ्र मालासाठी पुष्कळ वनस्पती उपटाव्या लागतात. वनस्पतिशास्त्रज्ञांनी या जातीची गणना धोक्यात आलेल्या वनस्पतींत केली, त्यामागे हे कारण प्रमुख आहे.

फोडशीचे तसे नाही. पाती खुडली तरी कंद जमिनीत राहतो व पुन्हा फुटू शकतो. अर्थात शहरातील वाढत्या मागणीमुळे पाती वारंवार खुडली गेल्यास कंद दुबळा होतो, हेही खरे. तरीसुद्धा दोन उपयोगांतील मूलभूत भेद कायम राहतो. भाजी खुडणारी स्त्री पुढील वर्षी त्याच जागी परत येते. मुळी उपटली गेलेली जागा पुन्हा कामास येत नाही. जुडी काही रुपयांस जाते आणि मुळी त्याच्या अनेक पटींनी विकली जाते. मात्र मुळीचा बहुतेक नफा व्यापाऱ्याच्या पदरी पडतो, तर जुडीचा पैसा विकणारीच्या हातात त्याच दिवशी येतो.

८. लागवड, प्रयोगशाळा आणि ग्राहक

रानातील पुरवठा आटू लागल्यावर लागवडीचा मार्ग पुढे आला. नोव्हेंबर २००० मध्ये राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाची स्थापना झाली आणि त्या सुमारास महाराष्ट्र, मध्य प्रदेश व गुजरातमध्ये सफेद मुसळीच्या शेतीची लाट आली. ‘पांढरे सोने’ म्हणून तिचा गाजावाजा झाला. बेणे महाग विकले गेले. आरंभीच्या शेतकऱ्यांचा नफा प्रामुख्याने नवीन शेतकऱ्यांना बेणे विकण्यातून होता. लागवड पसरताच भाव कोसळले आणि उशिरा आलेल्यांना झळ बसली. तथापि या प्रयोगातून कोंबासह बेणे राखण्याचे तंत्र रुळले व रानावरील भार हलका करण्याचा एक मार्ग दिसला, हेही नमूद केले पाहिजे.

प्रयोगशाळेतील संशोधनही याच काळात वाढले. मुळीत सॅपोनिन व फ्रुक्टन ही द्रव्ये आढळली. उंदरांवरील प्रयोगांत लैंगिक वर्तन व शुक्राणूंची संख्या यांवर अनुकूल परिणाम दिसल्याचे २००८ मधील संशोधनात नोंदविले गेले. मनुष्यांवरील मोठ्या व काटेकोर चाचण्यांचा आधार मात्र अद्याप तुटपुंजा आहे. दरम्यान १९९८ मध्ये सिल्डेनाफिल हे रासायनिक औषध बाजारात आले आणि ‘शुद्ध वनौषधी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही उत्पादनांत तेच चोरून मिसळल्याचे अनेक देशांतील तपासण्यांत उघडकीस आले. हृदयविकारावर नायट्रेटयुक्त औषधे घेणाऱ्यास अशी भेसळ प्राणघातक ठरू शकते. तक्रार कोणाकडे करावी, हा प्रश्न ग्राहकास पडतो. कारण खरेदीच मुळी लपूनछपून झालेली असते. शतकापूर्वीच्या व्ही.पी.ने औषध मागविणाऱ्या तरुणाचा एकाकीपणा आजही संपलेला नाही.

९. आफ्रिकेतील समांतर अनुभव

क्लोरोफायटम प्रजातीच्या जातींची सर्वाधिक विविधता आफ्रिकेत आहे. आपल्या सज्जांतील कुंड्यांत दिसणारी पांढऱ्या पट्ट्यांची ‘स्पायडर प्लँट’ ही तिचीच एक आफ्रिकी बहीण. परंतु पुरुषांच्या शक्तीसाठी तेथे प्रसिद्ध झालेली मुळी दुसरीच आहे. केनियाच्या पश्चिम भागात मुकोम्बेरो आणि युगांडात मुलोंडो या नावाने ओळखली जाणारी मोंडिया व्हायटी ही वेल व्हॅनिलासारख्या सुगंधी मुळांसाठी खणली जाते. तिची मुळे बाजारांत व बसथांब्यांवर चघळण्यासाठी विकली जातात. तेथेही मागणी वाढताच वेली मुळासकट उपटल्या गेल्या, रान ओस पडू लागले आणि काकामेगाच्या अरण्याभोवतीच्या शेतकऱ्यांमध्ये लागवडीचे प्रयत्न सुरू झाले. दोन्ही समाजांची भाषा, वैद्यक व वनस्पती भिन्न असूनही घटनाक्रम एकच आहे. यावरून ऱ्हासाचे कारण स्थानिकांच्या अज्ञानात नसून मुळाच्या व्यापाराच्या स्वरूपात आहे, असे म्हणता येते.

आपल्या परिसरात याचे दुसरे टोकही पाहावयास मिळते. शहापूर तालुक्यात कातकरी तरुणांनी वनधन केंद्राच्या माध्यमातून गुळवेलीचा संघटित व्यापार उभा केला व करोनाच्या काळात, २०२० नंतर, त्याची देशभर दखल घेतली गेली. गुळवेलीचे खोड कापले तरी वेल पुन्हा फुटते. कोणता भाग काढावा व व्यापार कोणाच्या हाती असावा, या दोन प्रश्नांची बरी उत्तरे मिळाली की रान आणि माणूस दोघेही टिकतात, हा त्यातील बोध होय.

१०. निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) प्राचीन वाजीकरण हे आहार, संयम व अपत्यप्राप्ती यांच्याशी निगडित होते. एका मुळीत पौरुष सामावलेले आहे ही कल्पना प्रामुख्याने जाहिरातयुगाची निर्मिती आहे.

(२) ‘सफेद मुसळी’ या नावाखाली अनेक वनस्पती विकल्या गेल्या; बोरिवलीच्या जातीला शास्त्रीय ओळख १९५० च्या दशकात मिळाली. म्हणून प्राचीनत्वाचे दावे सावधपणे स्वीकारावेत.

(३) वनस्पतीचा ऱ्हास मुळाच्या अकाली खणण्यामुळे झाला आणि रानावरील समाजाचा हक्क दुबळा झाल्याने तो वेगाने घडला असावा.

(४) वनहक्क कायद्यान्वये मिळालेल्या अधिकारांतर्गत ग्रामसभांनी बी पडेपर्यंत मुळी न काढण्याचा व बुंधा परत पुरण्याचा नियम केल्यास ही वनस्पती वाचू शकेल. त्यासाठी लागणारे ज्ञान रानभाजी खुडणाऱ्या स्त्रियांजवळ आहे. नियम ठरविताना त्यांना प्रथम विचारले पाहिजे.

मोहनेच्या बाजारात पुढच्या आषाढातही फोडशीच्या जुड्या दिसाव्यात, असे वाटत असेल तर जुडीशेजारच्या दुकानातील डबीचा इतिहास ग्राहकाला सांगावा लागेल. इतिहासाच्या अध्यापकाचे ते कर्तव्य आहे, अशी प्रस्तुत लेखकाची धारणा आहे.